शहरातले ताट आणि कोकणातली जैवविविधता

(चर्चामंचावरील धागा; प्रत्येक लिखाणाच्या वर लिहिणाऱ्या सदस्याचे टोपणनाव आहे)

खाडीकाठ (रत्नागिरी)

मुंबई-ठाण्याच्या बाजारपेठेने कोकणातल्या जमिनीचे रूप किती बदलले आहे, हे पाहायचे असेल तर एप्रिल महिन्यात रत्नागिरीच्या आसपासच्या एखाद्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जाऊन उभे राहावे. जांभ्या कातळात सुरुंगाने खड्डे पाडून, त्यांत बाहेरून आणलेली माती भरून लावलेली हापूसची कलमे नजर पोहोचेल तिथवर रांगेने उभी दिसतात. कलमे लागण्यापूर्वी हा सडा उन्हाळ्यात ओसाड भासत असे आणि सातबाऱ्यावर त्याची नोंद बहुधा ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीस अयोग्य, अशीच असे. परंतु पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्याच कातळावरच्या वीतभर मातीत दीपकाडीसारख्या, जगात केवळ याच पट्ट्यात उगवणाऱ्या वनस्पती फुलत, डबक्यांत बेडूक अंडी घालत आणि टिटव्या उघड्यावर घरटी करत.

बागायतदाराला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. शहराने एका फळाचे नाव उचलून धरले, त्याला इतर कशालाही न मिळणारा भाव दिला, आणि ज्याच्याकडे दुसरे काही विकण्याजोगे नव्हते त्याने ते फळ लावले; यात अस्वाभाविक काही नाही. मला लक्ष वेधायचे आहे ते वेगळ्या गोष्टीकडे. हापूस हे शंभर टक्के स्थानिक अन्न आहे, २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि तरीही त्याच्या मागणीतून कोकणातली विविधता वाढली नाही, उलट घटली. हापूसची सर्व झाडे कलमी, म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकमेकांच्या प्रती आहेत. त्यामुळे तुडतुडे किंवा फुलकिडे एका बागेत आले की ते साऱ्या पट्ट्यात पसरतात, आणि मोहोराच्या दिवसांत होणाऱ्या फवारण्या आंब्याचे परागीकरण करणाऱ्या माश्या व इतर कीटक यांनाही सोडत नाहीत.

याच्या शेजारी रायवळ आंबा ठेवून पाहावा. रायवळ कोयीपासून उगवतो, म्हणून प्रत्येक झाडाची चव, रेषा, साल, आंबटपणा आणि पिकण्याची वेळ निराळी असते. गावागावांत अशा झाडांना स्वतंत्र नावे आहेत. शंभर वर्षांच्या रायवळाच्या ढोलीत धनेश घरटे करतो, फांद्यांवर बांडगुळे आणि आमरी वाढतात, खाली पडलेल्या आंब्यांवर साळिंदरापासून मुंग्यांपर्यंत सर्वांची गुजराण होते. हापूसची कलमे बांधण्यासाठी लागणारी रोपेसुद्धा रायवळाच्या कोयीपासूनच तयार होतात. असे असूनही रायवळाच्या फळाला बाजारात भाव नाही, म्हणून ही झाडे फळ्यांसाठी आणि जळणासाठी तोडली जातात. कोकणी स्वयंपाकात मात्र रायवळाला पूर्वापार जागा आहे: बिटक्यांचे (लहान रायवळ आंब्यांचे) रायते, सासव, साठे (आंब्याच्या वाळवलेल्या रसाच्या पोळ्या), कैरीचे लोणचे, आंबोशी. हे पदार्थ हापूसचे करता येतात, पण चांगले होत नाहीत, हे स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. शहरातील एखाद्या कुटुंबाने वर्षभराचे लोणचे आणि साठे रायवळाचेच घ्यायचे ठरवले, तर त्या झाडाच्या मालकाला लाकूडतोड्याला ‘थांब’ म्हणण्याचे एक कारण मिळते.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, जगात अन्नासाठी लागवड होणाऱ्या वनस्पतींच्या सुमारे ६,००० जातींपैकी दोनशेहून कमी जातींचा जागतिक अन्नोत्पादनात लक्षणीय वाटा आहे, आणि एकूण पीक-उत्पादनापैकी ६६ टक्के उत्पादन केवळ नऊ पिकांचे आहे. हा आकडा मोठा आणि दूरचा वाटतो, परंतु त्याचे लहान रूप आपल्या घरातल्या फडताळात दिसते. गव्हाचे पीठ, एकाच प्रकारचा पॉलिश केलेला तांदूळ, तूरडाळ, बटाटे, टोमॅटो आणि फ्लॉवर यांवर कोकणातल्या शहरांतली बहुतेक घरे वर्ष काढतात. रत्नागिरीच्या मंडईत श्रावणातसुद्धा घाटावरून आलेल्या भाज्यांचे ढीग मोठे असतात आणि गावठी भाजी घेऊन आलेल्या बायका दारापाशी फूटपाथवर बसलेल्या असतात.

माझे म्हणणे असे आहे की जैवविविधतेला आधार मिळतो तो ‘स्थानिक’ या शिक्क्याने नव्हे, तर मागणी रुंद असण्याने. एका पदार्थाची मोठी मागणी निर्माण झाली की एकसुरी लागवड येते. अनेक पदार्थांची थोडी थोडी, हंगामानुसार बदलणारी आणि ‘आज जे आहे ते’ स्वीकारणारी मागणी असेल तर शेत, खाडी आणि रान यांतल्या अनेक जाती टिकण्याची शक्यता वाढते. हे प्रत्यक्षात कसे करायचे आणि त्यात काय अडते, याबद्दल शेती, मासेमारी आणि खानावळ चालवणाऱ्या सदस्यांकडून ऐकायचे आहे.

उकडा तांदूळ (लांजा)

आपण आंब्याचे उदाहरण घेतले, मी भाताबद्दल लिहितो. आमच्या भागात मुणगा, पटणी, वालय, बेळा, सोरटी अशी गावठी भाते दोन पिढ्यांपूर्वी सर्रास होती, आणि ती सर्व एकाच शेतात नसत. मळ्याच्या खोल जमिनीत उशिरा तयार होणारे भात, कुरयाटात, म्हणजे उंचावरच्या शेतात, लवकर निसवणारे, आणि वरकसावर, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत, भाताऐवजी नाचणी, वरी व हरीक, अशी त्यांची वाटणी असे. पाऊस लांबला तर एक बुडे आणि दुसरे तरे. संकरित व सुधारित वाणांनी उत्पन्न निश्चित वाढवले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण एकाच वेळी निसवणारे एकच भात सगळीकडे झाल्यामुळे ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात सगळ्यांचेच एकदम आडवे होते.

खाऱ्या जमिनीत ही गोष्ट अधिकच स्पष्ट दिसते. रायगडच्या खारेपाटात काळा राता, भुरा राता यांसारखी खारे पाणी सोसणारी लाल दाण्याची भाते होती, आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने अशाच स्थानिक वाणांच्या आधाराने पुढचे काम केले. समुद्राचे पाणी बांध फोडून शेतात येण्याचे प्रकार वाढत असताना हे गुणधर्म केवळ शीतगृहातल्या बियाण्यात असून भागणार नाही. शेतात दरवर्षी पेरले जाणारे बियाणे बदलत्या हवेशी जुळवून घेत राहते. बंद डब्यातले तसेच राहते.

शहरातील मित्रांची अडचण अशी असते की लाल तांदूळ त्यांना ‘औषधी’ म्हणून हवा असतो, आठवड्यातून एकदा, अर्धा किलो. अशा मागणीवर कोणी शेतकरी वाण जपणार नाही. पेज, घावणे, आंबोळ्या, खापरोळ्या, शेवया, मोदकांची उकड हे सारे निरनिराळ्या भातांनी निरनिराळे होते. पेजेला उकडा लाल तांदूळ लागतो, तर घावण्यांना जुना, कमी चिकट तांदूळ चांगला. पदार्थांनुसार तांदूळ वेगळा घ्यायचा ही जुनी सवय परत आली, तर एकाच घरात तीन वाणांना जागा होते.

कुळीथ आणि वाल यांचाही उल्लेख व्हायला हवा. भात कापल्यावर जमिनीत राहिलेल्या ओलाव्यावर ही कडधान्ये येतात, त्यांना वेगळे पाणी द्यावे लागत नाही, आणि त्यांच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. पिठी-भाताचे जेवण हे गरिबीचे लक्षण समजून शहराने कुळीथ सोडला आणि त्याबरोबर हिवाळ्यात हिरवी राहणारी शेते उघडी पडली. थंडीत त्या शेतांत मधमाश्यांना फुले मिळत, तीही कमी झाली.

रापण (मालवण)

समुद्राच्या बाजूने पाहिल्यास धागाकर्त्याचे ‘रुंद मागणी’ हे सूत्र अधिकच लागू पडते. जाळे ओढले की त्यात पंधरा-वीस जातींचे मासे येतात, परंतु शहरातले गिऱ्हाईक सुरमई, पापलेट, हलवा आणि मोठी कोळंबी यांपलीकडे पाहत नाही. परिणाम असा होतो की या चार-पाच जातींमागे होड्या अधिकाधिक दूर जातात, आणि मुडदुशे, सौंदाळे, बोय, काळुंदर, मांदेली, तारली हे उत्तम चवीचे मासे कवडीमोलाने जातात किंवा खत आणि कुटीच्या (सुक्या मासळीच्या भुकटीच्या) कारखान्यांकडे वळतात.

पापलेटाबाबत तर परिस्थिती गंभीर आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटाला राज्यमासा घोषित केले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान आकारमर्यादा ठरवली, त्यात पापलेटाची मर्यादा १३५ मिलिमीटर आहे. नियम चांगला आहे, पण बंदरावर प्रत्येक टोपली मोजणारा अधिकारी नसतो. शहरातील ग्राहकाने हाताच्या पंजापेक्षा लहान पापलेट घेणे बंद केले, तर त्या पिल्लांना पकडण्यात होडीवाल्याला नफा उरत नाही. ‘एका माणसाला एक लहान पापलेट’ अशी थाळीची पद्धत हॉटेलांनी रूढ केली, तिने हे नुकसान बरेच वाढवले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणता मासा निर्धास्त खावा, याचे ढोबळ उत्तर त्याच्या वाढीत आहे. बांगडा, तारली, मांदेली लवकर वाढतात, लवकर अंडी घालतात आणि संख्येने भरपूर असतात. त्यांचे साठे वर्षागणिक वरखाली होतात, पण सावरतातही. उलट मोरी (शार्क) आणि वाघळी यांना प्रौढ व्हायला अनेक वर्षे लागतात आणि पिल्ले मोजकीच होतात, म्हणून मोरीच्या मटणाची कितीही आवड असली तरी तिच्याबाबत हात आखडता घ्यावा.

बांगडा आणि तारलीच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे, तो म्हणजे तिरफळ. तिरफळाशिवाय बांगड्याचे तिखले होत नाही, आणि तिरफळाचे झाड काटेरी, अडचणीचे, लागवड न होणारे आहे. बांधावर किंवा रानात आपोआप उगवलेले ते झाड लोक ठेवतात ते निव्वळ फळांसाठी. वटांबाच्या सुकवलेल्या फोडी आणि कोकम यांचेही तसेच. आमटीत आंबटपणासाठी टोमॅटो आला की यांतली आंबटपणा देणारी दोन्ही झाडे एकाच वेळी निरुपयोगी ठरतात. माशाच्या कालवणाचा संबंध अशा रीतीने डोंगरापर्यंत पोहोचतो.

एक इशाराही देतो. जे जे पारंपरिक ते सारे निसर्गाला पोषक, असे मानू नये. पहिल्या पावसात नदी-ओढ्यांतून उलट दिशेने चढणारे वलगणीचे मासे गाबोळीने भरलेले असतात, आणि शेताच्या बांधावर पावळा किंवा जाळे लावून ते पकडणे ही मोठी मौज समजली जाते. पूर्वी खाणारी तोंडे कमी आणि ओढे अधिक होते. आता रस्ते, मोऱ्या आणि बंधारे यांनी ओढे तोडले गेले आहेत, तेव्हा उरलेल्या वाटांवर अंडी घालायला निघालेले मासे धरणे थांबवायला हवे. समुद्रात १ जूनपासून यांत्रिक होड्यांना बंदी असते, त्या काळात उन्हाळ्यात वाळवलेली सुकट, सुके बोंबील आणि खारे बांगडे यांवर स्वयंपाक चालत असे. तीच पद्धत आजही योग्य आहे. पावसाळ्यात ताजी सुरमई मागणाऱ्याला ती कुठून येते, असा प्रश्न पडायला हवा.

ठाण्याचा पाहुणा

सर्वांचे लिखाण आवडले, तथापि मला एक मूलभूत शंका आहे. चौपदरी महामार्गासाठी हजारो झाडे गेली, डोंगर विकले जात आहेत, खाड्यांत कारखान्यांचे सांडपाणी जाते, आणि आपण येथे कुळथाच्या पिठीची चर्चा करत आहोत. ग्राहकाच्या शिरावर जबाबदारी टाकली की धोरणाचा प्रश्न बाजूला पडतो. शिवाय रानभाज्यांना शहरात प्रतिष्ठा आली तर त्यांचे भाव वाढतील आणि ज्यांचे ते रोजचे अन्न आहे त्यांच्याच ताटातून त्या जातील. याचा विचार कोणी केला आहे काय?

पानोपानी (पनवेल)

शंका योग्य आहे, आणि रानभाज्यांपुरते उत्तर देण्याचा प्रयत्न करते. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. पावसाळ्यात पनवेल, कर्जत आणि ठाणे या स्थानकांबाहेर कातकरी, ठाकर आणि वारली भगिनी जे विकायला आणतात, त्याची दरवर्षी नोंद ठेवण्याचा माझा प्रघात आहे. माझ्या मते ‘रानभाजी’ असा एकच गट करणे हीच मुळात दिशाभूल आहे. झाडाचा कोणता भाग खुडला जातो, यावर सारे अवलंबून असते.

टाकळा आणि कुर्डू ही तणे आहेत. रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीत, वरकसात ती ढिगांनी उगवतात, कोवळे शेंडे खुडले तरी बाजूने फुटतात आणि फुलायला त्यांच्याकडे पुढचे दोन-तीन महिने असतात. या दोन भाज्या शहराने कितीही खाल्ल्या तरी चिंता नाही. उलट रस्त्याकडेचे तण म्हणून त्यांच्यावर तणनाशक मारण्यापेक्षा ते बरेच चांगले. भारंगीचे झुडूप बहुवर्षायू आहे, पाने आणि फुले मर्यादेने घेतल्यास त्याला अपाय होत नाही.

फोडशीपाशी काळजी सुरू होते. तिची पाने जमिनीलगत कापली तर मुळांतून ती पुढच्या वर्षी येते, परंतु जुडी भरदार दिसावी म्हणून ती मुळासकट उपटली जाते. बाजारात जुडीच्या टोकाला मुळे आणि माती दिसली, तर ती घेऊ नये आणि पुढच्या वेळी कापलेली आणण्यास प्रेमाने सांगावे. विक्रेत्या भगिनी ऐकतात, कारण कापण्याचे कष्ट कमीच आहेत.

शेवळांची कथा सर्वांत नाजूक आहे. शेवळ हा पानांआधी, पहिल्या पावसात वर येणारा फुलोरा आहे आणि ही वनस्पती पश्चिम घाट व कोकणाच्या परिसरापुरती मर्यादित आहे. फुलोराच खुडल्यावर त्या वर्षी फळ नाही, बी नाही. जमिनीखालचा कंद जिवंत राहतो आणि पुढच्या वर्षी परत येतो, म्हणून नुकसान डोळ्यांना दिसत नाही. पण नवी रोपे तयार होत नाहीत आणि जुने कंद म्हातारे होत जातात. शेवळांच्या भाजीत घशाला होणारी खाज मोडण्यासाठी काकडाची आंबट फळे घालावी लागतात. खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म स्फटिकांमुळे होते. काकड हे जंगलातले मोठे झाड आहे, त्यामुळे या एका भाजीला कंद आणि वृक्ष असे दोघेही एकाच रानात लागतात. शेवळे वर्षातून एकदा, सणासारखी करावीत असे मी सांगते. ती सहा महिने गोठवून ठेवून विकण्याचा जो नवा प्रकार दिसतो, तो मला मुळीच पसंत नाही.

वारुळावर येणाऱ्या अळंबीबद्दलही तेच. तिचे वाळवीशी साहचर्य आहे आणि बटन अळंबीसारखी तिची शेती करता येत नाही. छत्री उघडण्यापूर्वीच सगळी काढली की बीजाणू पसरायला वाव राहत नाही. बांबूच्या बेटातले सर्व कोंब नेले तर बेट खुरटते. करटोलीची वेल मात्र कंदापासून दरवर्षी येते. नर आणि मादी वेली वेगळ्या असल्याने मादी वेलींवरची थोडी फळे पिकू देणे एवढेच पथ्य पुरेसे आहे. करटोलीची लागवडही आता होऊ लागली आहे, आणि रानावरचा भार कमी करण्याचा तो सरळ मार्ग आहे.

भाववाढीच्या मुद्द्यावर माझे निरीक्षण थोडे वेगळे आहे. विकणाऱ्या कुटुंबांसाठी टाकळा घरी शिजत नाही असे होत नाही, कारण तो दाराशी उगवतो. हातातून जातात त्या अळंबी, शेवळे यांसारख्या दुर्मीळ आणि महाग वस्तू, आणि त्या पूर्वीही पैशासाठीच विकल्या जात. खरा प्रश्न आहे तो ज्या रानातून हे येते त्यावर त्यांचा हक्क आहे की नाही, हा. कुंपणे वाढत आहेत. जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला, त्यानुसार गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. पाहुणे, तुम्ही म्हणता तो धोरणाचा प्रश्न इथे ताटाशी जोडलेला आहे: नोंदवहीत जी भाजी आहे, ती ज्या सड्यावर उगवते तो ‘पोटखराबा’ राहत नाही.

ज्यांना ओळख नाही त्यांनी स्वतः रानात जाऊन भाज्या खुडू नयेत, हेही सांगून ठेवते. विषारी वनस्पतींशी साम्य असणाऱ्या जाती अनेक आहेत.

पाटा-वरवंटा (अलिबाग)

मी गेली काही वर्षे लहानशी खानावळ चालवते, म्हणून रोजचा हिशोब कसा बसतो ते लिहिते. शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना सुरमई थाळी आणि पापलेट थाळी हवी असते. अलिबागच्या बंदरात त्या दिवशी सुरमई आली नसेल, तर ती बर्फातून लांबून येते आणि पाहुणे ती ‘ताजी अलिबागची’ म्हणून खातात. आम्ही फळ्यावर माशांची नावे लिहिणे बंद करून ‘आजची मच्छी’ अशी एकच थाळी एकाच किमतीला ठेवली. सुरुवातीला लोक उठून गेले. टिकले ते नेमके असे, ज्यांना नवे काही खायचे होते, आणि मग मांदेलीचे सुके, बोयटाचे कालवण, तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) एकशिपी यांची मागणी त्यांच्याकडूनच येऊ लागली. रापण यांच्या मताशी मी सहमत आहे की हॉटेलांनी एका माणसाला एक लहान मासा देण्याची सवय लावली. ती हॉटेलांनीच मोडायला हवी. मोठ्या माशाचे काप द्यावेत किंवा लहान जातीचे मासे द्यावेत, मोठ्या जातीची पिल्ले देऊ नयेत.

तिसऱ्या आणि कालवे यांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या वेचणाऱ्या बायका असतात, त्यांचे उत्पन्न खाडीच्या तळाशी असलेल्या वाळूवर आणि चिखलावर अवलंबून असते. रेतीचा उपसा झाला की तिसऱ्यांची जागाच नाहीशी होते. या बायकांकडून नियमित खरेदी करणारी दहा ठिकाणे असतील, तर रेतीविरुद्ध बोलताना त्यांच्यामागे काहीतरी बळ असते. माझा अनुभव असा की ग्रामसभेत ‘पर्यावरण’ म्हटले तर लोक ऐकून घेतात, ‘धंदा बुडतो’ म्हटले तर उठून उभे राहतात.

सोलकढीचेही सांगते. पुष्कळ ठिकाणी ती रंग आणि सायट्रिक आम्ल घालून होते, कारण चांगले आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस, महाग पडते. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी कोकमाची बरीच झाडे आजही परसात, बांधावर आणि रानात विखुरलेली आहेत. फळे मे महिन्यात पिकतात आणि पावसाच्या पहिल्या सरी आल्या की कुजतात. काढणीला माणूस मिळाला नाही तर झाडाखाली लाल चिखल होतो. ज्या गावातून मी आगळ घेते तिथल्या लोकांना आगाऊ पैसे देते, म्हणजे ते पावसापूर्वी मजूर लावू शकतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकमाच्या मादी झाडांची कलमे उपलब्ध केली, ही उत्तम सोय झाली. पण नर झाडे निरुपयोगी समजून सरसकट तोडली जातात, त्याला माझा विरोध आहे. काही नर झाडे परागीकरणासाठी हवीतच. इथेही हापूसचे होऊ नये.

हिवाळ्यात आमच्याकडे वालाचे बिरडे आणि अलिबागचा पांढरा कांदा असतो. भात निघाल्यावर त्याच जमिनीत ही दोन पिके येतात. कांद्याला मानांकन मिळाल्यापासून नकली माळा महामार्गावर टांगलेल्या दिसतात, हा वेगळाच ताप आहे.

खाडीकाठ (रत्नागिरी)

पाहुणे यांच्या प्रश्नाला माझ्याकडूनही थोडे. ताटातल्या बदलाने महामार्ग वळत नाही, हे मान्यच आहे. परंतु रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनक्षेत्र अत्यल्प आहे, बहुतेक जंगल खासगी मालकीचे आहे, आणि ते तोडायचे की ठेवायचे याचा निर्णय मंत्रालयात नव्हे तर एखाद्या कुटुंबाच्या ओटीवर होतो. मुलीचे लग्न किंवा घराची दुरुस्ती निघाली की ठेकेदार येऊन साऱ्या डोंगराचा एकरकमी भाव सांगतो. त्या वेळी कोकम, रायवळ, तिरफळ, फणस, शिकेकाई यांतून दरवर्षी काही पैसे येत असतील तर सौदा अडतो, निदान काही झाडे वगळली जातात. म्हणून मी ग्राहकाकडे पाहतो. याने धोरणाचा आग्रह सोडावा असे कोणीही म्हणत नाही.

पाटा-वरवंटा ताईंनी आगाऊ पैशांचा मुद्दा मांडला, तो मला सर्वांत मोलाचा वाटला. शहरातील गृहसंकुलांनी एकत्र येऊन तसे करता येईल का?

गच्चीवरचे पडवळ (चिपळूण)

आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत आम्ही पडवळ, दोडका, अळू, माठ आणि गावठी काकडी लावतो. उत्पन्न किरकोळ आहे, त्याने कोणाचे घर चालत नाही. पण दोडक्याची फुले संध्याकाळी आणि पडवळाची रात्री उमलतात, आणि तेव्हा त्यांच्यावर येणारे पतंग पूर्वी या आवारात दिसत नव्हते. बियाणे आम्ही घरचे ठेवतो व वाटतो. बाजारातील संकरित बियाण्यांपासून धरलेले बी पुढच्या वर्षी तसेच फळत नाही, म्हणून सुरुवातीला गावाकडून गावठी बी आणणे आवश्यक ठरले. वनस्पती-वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ चा असून त्यात शेतकऱ्याला बी राखण्याचा, देवाणघेवाण करण्याचा हक्क दिलेला आहे. त्याबद्दल उगाच भीती बाळगू नये.

ऋषिपंचमीला आम्ही बैलाच्या श्रमाशिवाय आलेल्या कंद-भाज्यांची ऋषीची भाजी सामूहिक करतो. त्या एका भाजीसाठी अळूचे देठ, लाल माठ, सुरण, कणगर, पडवळ, काकडी, अंबाडी, मक्याची कणसे असे कितीतरी जिन्नस एकत्र लागतात. ‘रुंद मागणी’ म्हणजे काय, हे सांगायला मला याहून सोपे उदाहरण सापडत नाही. एका दिवसाऐवजी ती भाद्रपद-आश्विनात चार-पाच वेळा केली तर धर्म बुडणार नाही.

उकडा तांदूळ (लांजा)

खाडीकाठ यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण गृहसंकुलांकडून विचारणा होते ती नेहमी दिवाळीनंतर, भात घरात आल्यावर. तेव्हा माझ्याकडे जे आहे तेच मी देऊ शकतो. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागते आणि धूळवाफ्याच्या, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतल्या, पेरण्या तेव्हापासून सुरू होतात, म्हणजे कोणते वाण किती गुंठ्यांत पेरायचे हे मला अक्षय्य तृतीयेपर्यंत ठरवावे लागते. त्या वेळी वीस कुटुंबांनी मिळून ‘आम्ही इतका वालय आणि इतका मुणगा घेऊ’ असे सांगून निम्मी रक्कम दिली, तर मी त्या वाणासाठी वेगळा तुकडा राखू शकतो. पीक कमी आले तर ते वाटून घ्यावे लागेल, ही अट आधीच मान्य असावी.

दुसरी अडचण गिरणीची आहे. मोठ्या गिरणीत वाण एकमेकांत मिसळतात आणि लाल भाताचा कोंडाही पूर्ण निघून जातो, म्हणून किमान एका वाणाची संपूर्ण भरडणी एका दिवशी लहान गिरणीवर काढता येईल एवढी मागणी हवी. तांदूळ एकदम भरडून ठेवला तर कोंड्याच्या तेलामुळे खवट होतो आणि त्याला पोरकिडे लागतात. भात तसेच कणगीत ठेवून दर दोन महिन्यांनी लागेल तेवढे भरडून पाठवणे मला परवडते, पण त्यासाठी शहरात उतरवून घेणारे एक ठिकाण पाहिजे. चिपळूण आणि रत्नागिरीच्या ज्या सदस्यांना यात सामील व्हायचे आहे त्यांनी पेजेसाठी, घावण्यांसाठी आणि रोजच्या भातासाठी किती किलो लागेल ते वेगवेगळे लिहून इथेच कळवावे. एकत्र आकडा सांगितला तर कोणते वाण पेरावे ते मला कळणार नाही.